नक्षी उरते, टायर संपतो

सत्तरच्या दशकात शिवाजी पार्कच्या एखाद्या इमारतीखाली गाडी उभी असली तर ती बहुधा फियाट. तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. टायर ५.२०-१४ मापाचा, धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेदणारे, आत ट्यूब. निवडीला फारसा वाव नसे. डनलॉप, सिएट, फायरस्टोन, मिळेल तो घ्यायचा. गाडी कुर्ल्यात बनलेली, फायरस्टोन शिवडीचा, सिएट भांडुपचा, सगळं मुंबईतल्या मुंबईत. टायर गोटा झाला की रिमोल्ड करायचा. पंक्चरवाला टायर रिमवरून उतरवून ट्यूब पाण्यात बुडवी आणि मालक शेजारी उभा राही, त्यामुळे आतला धागा, रिमवरचा गंज त्याच्याही नजरेखालून जाई.

१९७७ मध्ये जेके टायरने मोटारीसाठी रेडियल आणला, पण तो घरोघरच्या गाड्यांना लागेपर्यंत बराच काळ गेला. नक्षीखाली पोलादी पट्टा, कमी तापणारा, जास्त टिकणारा. मग ट्यूबलेस आला आणि पंक्चर चाक न उतरवताही निघू लागलं. ऑक्टोबर २०२० पासून तर ट्यूबलेस टायर, दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनीचीही सक्ती राहिली नाही.

या सगळ्यात टायरकडे बघायची सवय मात्र सुटली, आणि मला त्याची खरी काळजी वाटते. मैदानाभोवतीच्या झाडांखाली आठवडाभर उभ्या राहणाऱ्या गाड्या बघा. नक्षी शाबूत असते, कायद्याच्या १.६ मिलिमीटरपेक्षा कितीतरी जास्त. पण बाजूच्या भिंतीला बारीक चिरा पडलेल्या असतात. रबर वापराविनाही कडक होतं. म्हणून १८५/६५ आर १५ हे माप जुळलं की लगेच पैसे मोजू नयेत. भिंतीवरचे तारखेचे चार आकडे वाचावेत: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही उरली तरी दहा वर्षांपुढे टायर ठेवू नये, असं अनेक कंपन्या स्वतःच सांगतात.

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे लावून घ्यावेत, गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असली तरीही. दुकानात सहसा नवे पुढे लावायचा आग्रह होतो. पण पावसात सावरकर मार्गावर मागची चाकं घसरली तर स्टिअरिंगने गाडी सावरणं फार अवघड जातं.