गैरहजेरी, विधिसंस्थांतील

वकिलांच्या वा सॉलिसिटरांच्या कार्यालयातील ज्या सेवकाने ठराविक दिवशी कामावर असणे अपेक्षित असते, त्याचे त्या दिवशी कामावर नसणे म्हणजे गैरहजेरी. साप्ताहिक सुटी व सणांच्या सुट्या तीत धरीत नाहीत. मंजूर रजा मोजावी की नाही, याविषयी एकवाक्यता नाही. मात्र एकदा स्वीकारलेली पद्धत मध्येच बदलल्यास दोन वर्षांच्या आकड्यांची तुलना व्यर्थ ठरते.

गिरणीत एखादा कामगार न आल्यास बदली कामगार लावून साचा चालू ठेवता येतो. विधिसंस्थेत ते इतके सोपे नसते. दाव्याची माहिती जशी कागदपत्रांत असते, तशीच ती कनिष्ठ वकिलाच्या व कारकुनाच्या डोक्यातही असते. मुदत अधिनियम, १९६३ अन्वये दिवाणी हुकूमनाम्याविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करण्यास ९० दिवसांची, तर इतर न्यायालयांत ३० दिवसांची मुदत असते. शेवटच्या दिवशी अपील दाखल करणारा कारकून आजारी पडला, तर विलंबास पुरेसे कारण होते हे न्यायालयाला पटवून द्यावे लागते. सुनावणीस प्रतिवादी हजर असून वादीतर्फे कोणीच उभे न राहिल्यास दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ९ नुसार दावा काढून टाकला जातो. भंडारा जिल्ह्यातील आंबागडचा एखादा शेतकरी बांधाच्या तंट्यासाठी तालुक्याच्या गावी, तुमसरला, वकील गाठतो. अशा लहान कार्यालयात कारकून एकटाच असला आणि तो धानाच्या रोवणीच्या दिवसांत गावी गेला, तर पुढची तारीख कोणती हे सांगणारेच कोणी उरत नाही. वकिलाच्या गैरहजेरीची शिक्षा निरपराध पक्षकारास होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने रफिक वि. मुन्शीलाल (१९८१) या प्रकरणी म्हटले. पण एवढा दिलासा मिळविण्यासाठी त्या पक्षकारास दिल्लीपर्यंत जावे लागले होते.

गैरहजेरीचे प्रमाण काढण्यासाठी वाया गेलेल्या मनुष्यदिनांस अपेक्षित मनुष्यदिनांनी भागून १०० ने गुणतात. उदा., २० सेवकांच्या कार्यालयात महिन्याचे कामाचे दिवस २५ असतील, तर अपेक्षित मनुष्यदिन ५०० होतात. त्यांपैकी ३० वाया गेल्यास गैरहजेरी ६ टक्के ठरते. वरचेवर पडणारे तुटक खाडे या सरासरीत लपतात. ते उघड करण्यासाठी ब्रॅडफर्ड गुणांक वापरतात : गैरहजेरीच्या प्रसंगांच्या संख्येचा वर्ग करून त्यास एकूण दिवसांनी गुणावयाचे. सलग दहा दिवस आजारी असलेल्याचा गुणांक १० येतो, तर एकेक दिवस करून दहा वेळा न आलेल्याचा १,०००. ठराविक दिवशी रक्तशुद्धीकरण करून घेणाऱ्या रुग्णाचा गुणांकही असाच फुगतो. म्हणून हा आकडा चौकशीची सुरुवात होय, निष्कर्ष नव्हे.

केवळ हजेरीपटावर येथे विसंबता येत नाही. कनिष्ठ वकील सकाळी परस्पर न्यायालयात जातो, त्यामुळे रिकामी खुर्ची हा गैरहजेरीचा पुरावा नव्हे. बाहेर गेलेल्यांची नोंदवही व तारखांची डायरी यांच्याशी हजेरीपट ताडून पाहावा लागतो.

या सेवकांचे कायद्यातील स्थान बराच काळ वादग्रस्त राहिले. मुंबईतील एका सॉलिसिटर संस्थेच्या सेवकांनी बोनस मागितला, तेव्हा अशी संस्था औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या अर्थाने ‘उद्योग’ नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये दिला (नॅशनल युनियन ऑफ कमर्शियल एम्प्लॉईज वि. मेहेर). बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या प्रकरणी सात न्यायाधीशांच्या पीठाने १९७८ मध्ये तो रद्दबातल ठरविला. पुढे १९८४ मध्ये वकिलाचे कार्यालय हे केरळच्या दुकाने कायद्याखालील व्यापारी आस्थापना नव्हे, असेही त्याच न्यायालयाने सांगितले. आठ दिवसांपेक्षा अधिक गैरहजर राहिलेल्या कामगाराची सेवा आपोआप संपते, असा स्थायी आदेश असला, तरी त्याचे म्हणणे ऐकल्यावाचून त्याला काढता येत नाही, हे १९९३ च्या डी. के. यादव प्रकरणात स्पष्ट झाले. तो खटला कारखान्याचा होता; दुसऱ्यांना नैसर्गिक न्यायाची तत्त्वे ऐकविणाऱ्या वकिलांनी आपल्या कारकुनास ती नाकारणे शोभणारे नाही.

व्यवहारात सर्वांत उपयुक्त ठरणारी तजवीज साधी आहे : प्रत्येक प्रकरणाची माहिती दोघांना असावी आणि तारखांची डायरी दोन ठिकाणी लिहिली जावी. मोठ्या रजा शक्यतो न्यायालयाच्या उन्हाळी सुटीत देतात. रजेवर जाणाऱ्याने पुढील पंधरवड्यातील तारखांचे टाचण मागे ठेवून जावयाचे असते, आणि परतल्यावर ज्येष्ठ वकील त्याच्याशी थोडा वेळ बोलून घेतो. वारंवार होणाऱ्या खाड्यांचे मूळ घरचे आजारपण आहे की कार्यालयातील रात्री उशिरापर्यंतचे काम, हे बहुधा अशा बोलण्यातूनच समजते.