मुळाची बाजू

कर्जत-खालापूरकडे रहू पेरायचा तर आधी भाताला मोड आणतात. मोडात मूळ एकीकडे, कोंब दुसरीकडे. ही दोन टोके मात्र आदल्या हंगामात, लोंबीतच ठरलेली असतात.

कशी, याचा चांगला उलगडा अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या तणात झाला. २००३ साली यिरी फ्रिमल आणि सहकाऱ्यांनी तो मांडला. गर्भाच्या सुरुवातीच्या दोन पेशींपैकी खालचीच्या वरच्या अंगाच्या पटलात पिन-७ हे प्रथिन असते. ते ऑक्झिन हे संप्रेरक वर ढकलते. (फुलांऐवजी टाचणीसारखा बोडका दांडा येणाऱ्या झाडावरून 'पिन' हे नाव पडले.) गर्भ साधारण ३२ पेशींचा झाला की पिन-१ पेशींच्या तळाशी गोळा होते, पिन-७ही बाजू बदलते, प्रवाह उलटतो. खाली ऑक्झिन साचते, तिथे मूळ.

मला थक्क करते ते हे, की प्रथिन नुसते असून भागत नाही. ते पेशीच्या कोणत्या अंगाला आहे, यावर सारे अवलंबून.

भात एकदल, त्याचा गर्भ दाण्याच्या एका कडेला. हा क्रम त्याला जसाच्या तसा लावू नये. पिन प्रथिने मात्र त्याच्याकडेही आहेत. कर्जतच्या भात संशोधन केंद्राच्या वाणांबद्दल आपण उतारा विचारतो, दाणा बघतो. गर्भ गिरणीत कोंड्याबरोबर निघून जातो.