प्रगत कंपवातात औषधपंपाची उपयुक्तता

कंपवातात मेंदूतील डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी क्रमाने नष्ट होतात. लिव्होडोपा हे त्यावरील प्रमुख औषध असून खाजकुहिलीच्या बियांतही ते आढळते. मात्र रक्तातील त्याचे प्रमाण सुमारे दीड तासात निम्म्यावर येते. आजार वाढल्यावर जठराचे कार्य मंदावते आणि प्रथिनयुक्त आहारही औषधाच्या शोषणात अडथळा आणतो. परिणामी रुग्ण काही काळ हिंडूफिरू शकतो, तर काही काळ ताठरून जातो.

फॉसलिव्होडोपा व फॉसकार्बिडोपा ही या औषधांची पाण्यात सहज विरघळणारी रूपे होत. अंगावर बाळगलेला लहान पंप ती त्वचेखालील नळीतून २४ तास देत राहतो व शरीरात त्यांचे मूळ औषधांत रूपांतर होते. अमेरिकेत या उपचारास ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. त्याने आजार बरा होत नाही. औषधाच्या पातळीतील चढउतार तेवढे कमी होतात. नळीच्या जागी जंतुसंसर्ग, भास व अनैच्छिक हालचाली हे दुष्परिणाम संभवतात.

दररोज द्रावण बदलणे आणि तीन दिवसांच्या आत नळीची जागा बदलणे आवश्यक असते. थरथरत्या हातांना हे जमत नाही. म्हणून कन्नड तालुक्यातील पिशोरसारख्या गावात अशा उपचाराचा विचार करताना पंपाच्या किमतीइतकेच घरातील प्रशिक्षित शुश्रूषकालाही महत्त्व द्यावे लागेल.