बसोलीचीं देवी-ध्यानचित्रें

हस्तलिखितांतील देवीचित्रांचे स्थूलमानानें दोन वर्ग पडतात. पहिला कथाचित्रांचा. मार्कंडेयपुराणाच्या ८१ ते ९३ या अध्यायांतील देवीमाहात्म्य, म्हणजे आपल्याकडे नवरात्रांत जिचा पाठ होतो ती सप्तशती, चितारतांना चित्रकार कथेच्या ओघानें चालतो. एखादें पान सुटलें तरी महिष किंवा रक्तबीज पाहून त्याचें स्थान सांगतां येतें. दुसरा वर्ग ध्यानचित्रांचा, व खरी अडचण येथेंच आहे. कारण ध्यानाला कथा नसते.

रावीकांठच्या बसोली संस्थानांत इ. स. १६६०–७० च्या सुमारास झालेली देवीमालिका हें या वर्गाचें उत्कृष्ट उदाहरण होय. पानाच्या पाठीमागें संस्कृत ध्यानश्लोक, आणि पुढें त्या श्लोकाबरहुकूम देवीचा वर्ण, भुजा, आयुधें व आसन, अशी हिची रचना आहे. अलंकारांतील पाचू मात्र रंगानें काढलेले नाहींत. भुंगेऱ्याच्या हिरव्या पंखकवचाचे तुकडे कापून ते तेथें चिकटविलेले आहेत, व पान हालविलें कीं ते चमकतात. छापील प्रतिकृतींत ही चमक उतरत नाहीं, हें जातां जातां नमूद करणें अवश्य वाटतें.

या शैलीचें नांव ठरण्यासही वेळ लागला. अमृतसरचे व्यापारी अशा चित्रांस ‘तिबेटी’ म्हणत. देवीचें उग्र रूप पाहून हा तर्क निघाला असावा. आनंद कुमारस्वामींनी आपल्या १९१६ च्या ग्रंथांत या शैलीचीं चित्रें जम्मूकडे लावलीं. पुढें १९२९ मध्यें अजित घोष यांनी ‘रूपम्’ या त्रैमासिकांत बसोली शैलीची स्वतंत्र मांडणी केली. ही मालिका नूरपूरच्या कृपाल नामक चित्रकाराची, असें मत अलीकडे गोस्वामी व फिशर यांनीं मांडलें आहे. तें शैलीवरून केलेलें अनुमान आहे, एवढें ध्यानांत ठेवून तें ग्राह्य मानण्यास आमची हरकत नाहीं.

आज ही मालिका एकत्र नाहीं. भद्रकालीचें एक पान वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहांत आहे, इतर पानें निरनिराळ्या संग्रहांत विखुरलीं आहेत. चित्र चौकटींत बसविलें म्हणजे श्लोक भिंतीकडे जातो, आणि प्रकाशनांतही बहुधा पुढचीच बाजू छापली जाते. खड्ग, कमल, पानपात्र हीं चिन्हें अनेक देवींस समान असल्यानें केवळ रूपावरून काली, भैरवी असें नांव देणें धोक्याचें आहे. म्हणून अशा प्रत्येक पानाची मागील बाजू, तीवर अंक असल्यास अंकासह, चित्राबरोबरच प्रसिद्ध व्हावी, अशी संग्राहकांस आमची विनंती आहे.