मासे पाळायचेत? आधी पाणी पाळा!

रविवारी कॉलेज रोडवरून फिशटँक घरी आला. पन्नास लिटरची टाकी, खाली पांढरी खडी, चार हिरवीगार रोपं, आणि सहा मॉली, आठ गप्पी. हॉलचा लूकच बदलला! बुधवारी सकाळी डबा भरता भरता सहज काचेकडे बघितलं, तर एक मॉली आडवी. गुरुवारी दोन गप्पी गेले. उरलेले पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते.

दुकानात फोन केला. ‘मॅडम, निळं औषध टाका आणि टाकी एकदा स्वच्छ धुऊन घ्या.’ मीही आज्ञाधारकपणे खडी, फिल्टर, स्पंज सगळं नळाखाली चकाचक धुतलं, ताजं पाणी भरलं, वर औषधाचे थेंब. पुढच्या रविवारी टाकीत फक्त रोपं उरली होती. तीही पिवळी.

सोमवारी लंच टाइमला हे रडगाणं ऐकवलं. आमच्या अंबडच्या कंपनीत सांडपाण्याचा प्लांट, म्हणजे ईटीपी, बघणारा एक दादा आहे. त्याने एकच प्रश्न विचारला.

‘टाकी किती दिवसांची?’

‘आठ.’

‘अगं, मग त्यात बॅक्टेरिया कुठून येणार? जे थोडेफार आले असतील, ते तू धुऊन टाकलेस!’

म्हणजे माझे मासे आजाराने नाही, माझ्या स्वच्छतेच्या हौसेने गेले होते. वाईट वाटलं, पण त्या दिवसापासून मी मासे सोडून पाणी शिकायला लागले.

दिसतं स्वच्छ, असतं विषारी

गणित सोपं आहे. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं आणि सडकी पानं यांतून अमोनिया तयार होतो. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत असलं, तरी तो माशांचे कल्ले जाळतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर वाढणारे काही बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे बॅक्टेरिया त्याचं नायट्रेट करतात. ते बरंच निरुपद्रवी, आणि रोपांना तर खतच. ही टीम टाकीत जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपण मात्र पहिल्याच दिवशी चौदा मासे सोडतो.

म्हणून मासा मलूल दिसला की औषधाच्या बाटलीआधी टेस्ट किट उचला. अमोनिया आणि नायट्राइट, दोन्ही शून्य हवेत. नसतील तर लगेच पाव टाकी पाणी बदला, दोन दिवस खाणं बंद करा. मोठा, धडधाकट मासा दोन दिवसांच्या उपासाने मरत नाही, जास्तीच्या खाण्याने मरतो! एरवीही दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच घाला. फिल्टरचा स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळा, नळाखाली कधीच नाही.

कारण नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. गंगापूर धरणातलं पाणी शुद्ध होऊन आपल्याकडे येतं, ते आपल्यासाठी. क्लोरीनला चांगला बॅक्टेरिया आणि वाईट बॅक्टेरिया यांतला फरक कळत नाही. पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवा, शक्यतो एअर पंप लावून. नाहीतर दुकानातलं अँटी-क्लोरीन वापरा.

थंडीतले पांढरे ठिपके

डिसेंबर-जानेवारीत आपल्या नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरतो. आपण स्वेटर काढतो, पण मॉली-गप्पींना पाणी २४ ते २६ अंश लागतं. तापमान घसरलं की त्यांची प्रतिकारशक्तीही घसरते आणि ‘इक’ गाठतो. अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके येतात, मासा खडीवर अंग घासतो. हा परजीवी कातडीखाली असेपर्यंत औषध त्याला शिवत नाही. तो बाहेर पडून पाण्यात पोहू लागला की मगच मरतो. म्हणून ठिपके गेले तरी औषध मध्येच सोडू नका, पाकिटावरचा कोर्स पूर्ण करा. त्या काळात फिल्टरमधला कार्बन काढून ठेवा, तो औषध शोषून घेतो. आणि लिटरमागे साधारण एक वॉट या हिशेबाने हीटर घ्या. निम्मी औषधं लागणारच नाहीत.

रोपं का मान टाकतात?

एक तर बरीच रोपं नर्सरीत पाण्याबाहेर वाढवलेली असतात. पाण्यात गेली की जुनी पानं गळतात, मग नवी फुटतात. क्रिप्टोकोरिन तर जागा बदलली तरी विरघळल्यासारखं होतं. मूळ शाबूत असेल तर उपटू नका, थांबा. दुसरं, अनुबियास आणि जावा फर्न खडीत पुरायचे नसतात. त्यांचं आडवं खोड पुरलं की सडतं, ते दगडाला दोऱ्याने बांधा. नवी पानं फिकट निघाली तर लोह कमी, जुन्या पानांना भोकं पडली तर बहुतेक पोटॅशियम. लाइट सात-आठ तास पुरे, आणि टाकी खिडकीतल्या उन्हात नको, शेवाळ माजतं.

सडकं पान मात्र लगेच कापा. १८५० मध्ये लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाची टाकी जमवली, तेव्हा त्यालाही हाच त्रास झाला होता. पानं सडून पाणी गढूळ होऊ लागलं. त्याने गोगलगायी सोडल्या, त्यांनी सडकी पानं खाल्ली आणि टाकी सावरली. आज घरोघरी दिसणाऱ्या फिशटँकची सुरुवात अशा प्रयोगांतून झाली.

आणि आपली गंगा?

‘आमचा ईटीपी, तुझी टाकी आणि गंगा, तिघांचं दुखणं एकच,’ दादा म्हणाला. सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फेट गोदावरीत उतरतं आणि त्यावर पानवेली फोफावते. वेली कितीही काढल्या तरी खतपाणी सुरू असेल तर त्या परत येणारच. ठिपक्यांवर औषध मारत राहून पाणी तसंच ठेवण्यासारखं आहे ते.

दुसऱ्या वेळी मी सहा आठवडे टाकीत एकही मासा सोडला नाही. रोज चिमूटभर खाणं टाकून ते सडू द्यायचं आणि अमोनिया मोजायचा. घरचे हसायचे, ‘अगं, जेवायला घालतेस कोणाला?’ जुनी टाकी असलेल्या मैत्रिणीच्या फिल्टरमधला थोडा स्पंज मिळाला असता तर हे आणखी लवकर झालं असतं. शेवटी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. मग पाव टाकी पाणी बदलून तीन मॉली सोडल्या. फक्त तीन.

बुधवारी सकाळी डबा भरताना पुन्हा काचेकडे बघितलं. तिघी खाण्याच्या कोपऱ्यात उभ्या होत्या, नेहमीच्या वेळेला. ऑफिसला दहा मिनिटं लेट झाले!