चेहऱ्याची ठेव

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत काकींना घेऊन आम्ही एका वस्तुसंग्रहालयात गेलो होतो. शिल्पदालनात काळ्या पाषाणातील एका तीर्थंकर प्रतिमेपुढे काकी थबकल्या. प्रतिमेचा उजवा हात कोपरापासून भंगलेला. खाली पाटीवर शतक आणि प्रतिमा सापडल्याचे गाव, एवढाच मजकूर. काकींनी पदर सावरला, हात जोडले आणि डोळे मिटून पाच-सात मिनिटे त्या तशाच उभ्या राहिल्या. डोळे उघडले तेव्हा ते ओले होते. काकांना जाऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. आम्ही मुद्दाम दूर सरलो.

बाहेर पडताना प्रवेशद्वाराजवळच्या मेजावर एक मोठा पडदा दिसला. त्यावर सोळा चौकटी, एकेका चौकटीत एकेक दालन. रक्षक शेजाऱ्याला सहज सांगत होता, "त्या आजी बघितल्यास का? किती वेळ रडत होत्या." बोलण्यात कुचेष्टा नव्हती; असलीच तर थोडी कणवच होती. काकींनी ते ऐकले. गाडीत बसेपर्यंत त्या एक शब्दही बोलल्या नाहीत.

संग्रहालयात कॅमेरे नकोत, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. ज्यांच्या घरी पेढी आहे ते तर असे म्हणणारच नाहीत. १९ ऑक्टोबर २०२५ रोजी सकाळी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात चोरटे शिडी बसवलेल्या मालवाहू गाडीच्या साहाय्याने वरच्या सज्जापर्यंत पोहोचले आणि आठ मिनिटांच्या आत फ्रेंच राजघराण्यांचे आठ दागिने घेऊन पसार झाले. त्यांची किंमत ८ कोटी ८० लाख युरो सांगण्यात आली. त्या बाजूच्या बाहेरील भिंतीवर कॅमेरा होता, पण एकच, आणि त्याचे तोंड पश्चिमेकडे. तो सज्जा त्याच्या टप्प्यात येतच नव्हता, अशी कबुली संचालिका लॉरान्स दे कार यांना फ्रान्सच्या सिनेटपुढे द्यावी लागली. तेव्हा कॅमेरा असणे ही एक गोष्ट आणि तो योग्य जागी, योग्य दिशेने असणे ही दुसरी.

मात्र कॅमेरा जे टिपतो त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न चोरीच्या बातम्यांत सहसा कोणी विचारत नाही. बॉस्टनच्या इझाबेला स्ट्युअर्ट गार्डनर संग्रहालयाच्या बाबतीत तो फार चमत्कारिक रीतीने पुढे आला. १८ मार्च १९९० च्या पहाटे पोलिसांच्या वेषातील दोघे तेथे शिरले, रक्षकांना बांधून ठेवले आणि ८१ मिनिटांत १३ कलाकृती घेऊन गेले. त्यांत वर्मीर आणि रेम्ब्रांट यांची चित्रे होती. त्यांपैकी एकही आजतागायत परत आलेली नाही. रिकाम्या चौकटी तेथे अजून भिंतीवर टांगलेल्या आहेत. जाताना चोरट्यांनी त्या रात्रीची चित्रफीतही नेली. आदल्या रात्रीची फीत मात्र मागे राहिली होती. मध्यरात्रीनंतर एका माणसाला रक्षक आत घेत आहे, असे तीत दिसते. तब्बल २५ वर्षांनी, २०१५ मध्ये, अमेरिकेच्या तपास यंत्रणेने ती फीत जाहीर करून या माणसाला ओळखणाऱ्यांनी पुढे यावे, असे आवाहन केले. जगभरच्या वृत्तवाहिन्यांवर ती अंधूक आकृती झळकली. पुढे संग्रहालयाच्या काही माजी रक्षकांनी सांगितले की, हा तर आमच्याच सुरक्षा विभागाचा उपप्रमुख. तपासासाठी फीत जपली, ती जाहीर केली, यात गैर काही नव्हते. चोरी तेवढी मोठीच होती. तरीही आपल्याच कामाच्या जागी शिरणाऱ्या माणसाचे काही क्षणांचे चित्र पाव शतकानंतर संशयाच्या उजेडात येते, ही गोष्ट मनात राहते. चित्रण टिकते, त्याचा संदर्भ मात्र विरून जातो.

दुसरे उदाहरण बर्लिनचे. तेथील पेर्गामॉन संग्रहालयाच्या छपरावर एक फिरता कॅमेरा होता. समोरच अँगेला मेर्केल यांचे खासगी निवासस्थान. त्या जर्मनीच्या चॅन्सेलर झाल्यानंतर काही महिन्यांनी, मार्च २००६ मध्ये, असे उघडकीस आले की, रक्षकाने मनात आणले तर तो कॅमेरा वळवून थेट त्यांच्या बैठकीच्या खोलीत डोकावता येत होते. राष्ट्राच्या सर्वोच्च सत्ताधाऱ्याची ही कथा होती, म्हणून ती छापून आली आणि कॅमेऱ्याला बंधन घातले गेले. शेजारच्या इमारतीतील एखाद्या शिंप्याची खिडकी असती, तर कोणाला कळले असते?

आजवरचे कॅमेरे वस्तूंच्या रक्षणासाठी प्रेक्षकाकडे पाहत होते. आता प्रेक्षक हाच पाहण्याचा विषय होऊ लागला आहे. इटलीतील बोलोन्या येथील महापालिकेच्या संग्रहालयांत २०२१ मध्ये 'शेअर आर्ट' नावाच्या प्रणालीची चाचणी झाली. एनेआ या तेथील राष्ट्रीय संशोधन संस्थेने ती घडवली. चित्राच्या शेजारी एक लहानसा कॅमेरा बसवायचा. चित्राकडे वळलेले चेहरे त्याने ओळखायचे, म्हणजे अमक्या-तमक्याचा चेहरा असे नव्हे, तर 'हा एक चेहरा आहे' एवढेच. आणि किती जण थांबले, किती अंतरावरून पाहिले, किती वेळ पाहिले, याची नोंद करायची. निष्पन्न काय झाले? एका चित्रापुढे लोक सरासरी चार-पाच सेकंद थांबतात. पंधरा सेकंदांची मजल गाठणारी चित्रे जवळजवळ नाहीतच. हे वाचून मला आधी हसू आले आणि मग काकींची पाच-सात मिनिटे आठवली. त्या प्रणालीच्या हिशेबात काकी म्हणजे आलेखाबाहेर पडलेला एक बिंदू ठरल्या असत्या.

या माहितीचा उपयोग खरा आहे, हे मान्य करावे लागेल. कोणते चित्र अंधारात राहते, पाटी कोठे लावावी, गर्दी कोठे तुंबते, हे त्यातून समजते. दुकानात कोणता माल कोणत्या फळीवर मांडावा, याचा विचार आपणही असाच करतो. बोलोन्याच्या संशोधकांनी व्यक्तीची ओळख साठवली जात नाही, असा निर्वाळाही दिला होता. परंतु ओळख न साठवणे हा त्या यंत्राचा स्वभाव नाही. तो ते चालवणाऱ्याचा निर्णय आहे. आज मोजणी करणारे यंत्र उद्या आज्ञावली बदलून चेहरे ताडून पाहू शकते, आणि तिकीट काढून आत शिरलेल्या माणसाला त्यातला फरक बाहेरून दिसणार नाही.

व्यापारी घरांत ठेवीची कल्पना नव्याने समजावून द्यावी लागत नाही. कोणी विश्वासाने आपल्याकडे काही ठेवले, तर ते कशासाठी ठेवले हे वहीत नोंदवायचे, त्याच कामासाठी वापरायचे, मुदत सरली की परत करायचे, आणि मधल्या काळात पेटीची किल्ली कोणाकोणाकडे आहे हे आपल्याला ठाऊक असायचे. संग्रहालयात शिरणारा माणूस आपला चेहरा, आपली चाल, कोणापुढे किती वेळ रेंगाळलो ही आपली आवड तेथे ठेवून जातो. फरक इतकाच की, ही ठेव त्याने स्वतः होऊन दिलेली नसते आणि तिची पावतीही त्याला मिळत नाही.

युरोपमधील माहिती-संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे. त्याखालील मार्गदर्शक सूचनांचा रोख याच दिशेने आहे. चित्रण होत असल्याची पाटी माणूस कॅमेऱ्याच्या टप्प्यात येण्यापूर्वीच दिसली पाहिजे. चित्रण कोण करतो आणि कशासाठी, हे तिच्यावर हवे. आणि ७२ तासांपेक्षा अधिक काळ चित्रण ठेवायचे असेल, तर जितका काळ अधिक तितके कारण भक्कम हवे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाचा अधिकार हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. पुढे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. हेतू संपला की माहिती पुसून टाकावी, हे तत्त्व त्यात आहे, आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्याला त्याने सर्वसाधारणपणे मनाई केली आहे. शाळेच्या सहली संग्रहालयात जातात, तेव्हा हे कलम आठवावे.

काकींच्या प्रसंगाकडे या दृष्टीने पाहिले, तर कॅमेरा लावण्यात संग्रहालयाची चूक नव्हतीच. पडदा येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असा मेजावर ठेवला होता, ही चूक. तो आतल्या खोलीत, ज्याचे काम आहे त्याच्यापुढेच असायला हवा होता. उपाय कधीकधी इतका साधा असतो की, त्यासाठी ना कायदा लागतो ना खर्च. एक मेज हलवावे लागते.

घरी परतल्यावर दोन दिवसांनी जेवताना काकींनी माझ्या चुलतभावाला विचारले, "अरे, आपल्या पेढीवरच्या कॅमेऱ्यात किती दिवसांचं राहतं?" त्याला सांगता येईना. रात्री त्याने यंत्र उघडून पाहिले, तर महिन्याहून जुने चित्रण त्यात पडून होते. गिऱ्हाईक बायका दागिना गळ्याला लावून आरशात पाहत आहेत, कोणी पैसे मोजत आहे, कोणी गहाण सोडवायला आले आहे. यंत्र बसवणाऱ्याने पहिल्या दिवशी टाकलेला संकेतशब्द तसाच चालू होता. आणि दोन वर्षांपूर्वी काम सोडून गेलेल्या कारकुनाच्या मोबाइलवर पेढीचे दृश्य अजूनही उघडत होते.

संकेतशब्द त्याच रात्री बदलला. कारकुनाला दुसऱ्या दिवशी फोन केला, तेव्हा तो बिचारा म्हणाला, "शेठ, मी तर ते कधीच विसरलो होतो." दारात पाटी लावायचे मात्र अजून राहिले आहे, तिच्यावर नेमके काय लिहावे, यावर घरात एकमत होत नाही.