सेवेची साक्ष

नोकरीसाठीं पहिलाच अर्ज करणाऱ्या तरुणापुढें एक कोडें उभें राहतें. अर्ज कागदी असो वा संगणकावरचा, त्यांत बहुधा ‘पूर्वानुभव’ असा एक रकाना असतो आणि उमेदवारास ओळखणाऱ्या दोन व्यक्तींच्या नांवांसाठीं दुसरा. अनुभव नाहीं म्हणून नोकरी नाहीं, आणि नोकरी नाहीं म्हणून अनुभव नाहीं! शेवटीं पहिला रकाना कोरा राहतो व दुसऱ्यांत वडिलांच्या ओळखीच्या एकाद्या बड्या गृहस्थाचें नांव पडतें. ज्यांच्या घरीं अशा ओळखी नाहींत, त्यांस तोहि मार्ग मोकळा नसतो. वस्तुतः दोन्ही रकाने भरण्याजोगी सामग्री पुष्कळांच्या पदरीं असते. ती म्हणजे विद्यार्थिदशेंत विनावेतन केलेली सेवा.

येथें वशिला आणि साक्ष यांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. वशिला देणाऱ्याचें वजन मोठें असतें, पण उमेदवाराला त्यानें काम करतांना पाहिलेलें असतेंच असें नाहीं. साक्षीदाराचें वजन थोडें असेल, पण त्यानें डोळ्यांनीं पाहिलेलें असतें. नेमणूक करणाऱ्यास जें जाणून घ्यावयाचें असतें तें एवढेंच कीं, हा मुलगा किंवा ही मुलगी वेळेवर येते काय, सांगितलेलें काम पुरें करते काय, पैशाच्या व्यवहारांत चोख आहे काय, आणि चार माणसांत मिळून मिसळून वागते काय. ह्या गोष्टी वेतनावर अवलंबून नसतात. किंबहुना पगार कापला जाण्याचें भय नसतांना जो नियमितपणें येतो, त्याच्या नियमितपणाची परीक्षा अधिक कठीण झालेली असते.

महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेचें उदाहरण घ्यावें. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, म्हणजे १९६९ सालीं, ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचें एक विशेष शिबिर पुरें करणाऱ्यास प्रमाणपत्र मिळतें. परंतु प्रमाणपत्र म्हणजे साक्ष नव्हे. तें तास मोजतें. तासांत काय केलें तें सांगत नाहीं. एका पथकांत साधारणतः १०० स्वयंसेवक असतात आणि त्यांवर एक प्राध्यापक कार्यक्रम अधिकारी असतो. शंभरांतला एक म्हणून हजेरी लावणाऱ्याविषयीं त्यास काय लिहितां येणार? पण रक्तदान शिबिराची नोंदवही, वृक्षारोपणाचा हिशेब किंवा वाचनालयांतील पुस्तकांची देवघेव ज्यानें अंगावर घेतली, त्याच्याविषयीं सांगण्यासारखें पुष्कळ असतें.

म्हणून पत्र मागतांना कांहीं पथ्यें पाळावीं. ज्यानें प्रत्यक्ष देखरेख केली त्याच्याकडेच जावें. अध्यक्षांची सही मोठी असली तरी ग्रंथपालाची साक्ष खरी. नातलगाचें नांव देऊं नये. कोणाचेंहि नांव व दूरध्वनी क्रमांक त्याची संमति घेतल्यावांचून लिहूं नये. अचानक चौकशी आली तर भला माणूसहि गोंधळतो. त्यास जाहिरातीची प्रत आणि आपण केलेल्या कामाचें टिपण द्यावें: कोठें, केव्हांपासून केव्हांपर्यंत, आठवड्यास किती तास, कोणती जबाबदारी. असें टिपण काम चालू असतांनाच ठेवलेलें बरें. अर्जांत हें काम अनुभव म्हणून अवश्य दाखवावें, परंतु तें विनावेतन होतें हें स्पष्ट लिहावें. लपविलेली गोष्ट एका चौकशींत उघड होते आणि खरी गोष्टहि संशयास्पद ठरते.

पत्र लिहिणाराचेंहि कर्तव्य आहे. ‘अर्जदार सुशील, होतकरू व मेहनती आहे’ हें वाक्य कोणासहि लागू पडतें, म्हणून तें कोणाच्याच उपयोगीं पडत नाहीं. याउलट, ‘वर्षभर दर शनिवारीं नोंदवही सांभाळली, एकदां बेरीज चुकली तेव्हां स्वतः होऊन ती आणून दाखविली’ एवढ्या दोन ओळी चालचलनाच्या दाखल्याहून अधिक बोलतात. जें पाहिलें नाहीं तें लिहूं नये, आणि चांगलें लिहितां येत नसेल तर सौम्यपणें नकार द्यावा. एक खोटें पत्र पुढच्या दहा खऱ्या पत्रांची किंमत घालवितें, आणि तिचा फटका वशिला नसलेल्यांसच आधीं बसतो.

आणखी एक गोष्ट. सेवेसाठीं फावला वेळ असणें हेंहि एक भाग्यच आहे. पहांटे वर्तमानपत्रें टाकणारा किंवा सायंकाळीं दुकानांत हात लावणारा विद्यार्थी शिबिरास जाऊं शकत नाहीं. त्यानें त्याबद्दल संकोच मानूं नये. तो दुकानदारहि साक्षीदारच आहे.

पालकांनीं मात्र एक सांभाळावें. केवळ प्रमाणपत्रासाठीं मुलास सेवेला धाडलें तर सेवाहि होत नाहीं आणि साक्षहि मिळत नाहीं. कारण जो मन लावून काम करतो तोच पाहणाऱ्याच्या स्मरणांत राहतो. काम आधीं, पत्र मागाहून, हा क्रम जेथें राखला जातो, तेथें सामान्य घरांतील मुलासहि बड्या ओळखीवांचून दार ठोठावण्याचें बळ मिळतें.